एअर पिस्तुलाचे किरकोळ दोष घरी दुरुस्त करताना

पिस्तुलाची वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे, आणि ते करताना राहून जाणाऱ्या बारीकसारीक चुका कशा सुधाराव्यात हा तिथल्या नेमबाजांच्या जिव्हाळ्याचा विषय असतो. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे ठाण्यातल्या सदनिकेत बसून पितळी पुंगळीत दारू भरण्याचा प्रश्न आमच्यासारख्या हौशी स्पर्धकांपुढे येतच नाही. आम्हाला घरी करता येण्याजोगे काम आहे ते दहा मीटर एअर पिस्तुलाचे: शिशाचे छर्रे निवडणे, ट्रिगरचे वजन तपासणे, हवेचा सिलिंडर जपणे आणि लाकडी मूठ हाताशी जुळवून ठेवणे. गेल्या पावसाळ्यात, जिल्हा स्पर्धा तोंडावर आलेली असताना, ही सर्व कामे मला एकापाठोपाठ एक करावी लागली. ती मी कशी केली आणि कशाला हात लावला नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

लक्षण असे होते की सरावाच्या पहिल्या तीसेक नेमांपर्यंत सर्व ठीक चालायचे आणि त्यानंतर नेम हळूहळू घड्याळातल्या तीनच्या दिशेला, म्हणजे उजवीकडे, सरकू लागायचे. त्याशिवाय अधूनमधून एखादा नेम काहीच कारण नसताना भलतीकडे जायचा. रेंजवरच्या काही सहकाऱ्यांनी हे छर्र्यांचेच काम आहे असे ठामपणे सांगितले आणि छर्र्यांचा डबा बदलायला सुचवले. मला ते पटले नाही, कारण लक्ष्याची मापे हाताशी घेतली तर छर्रा किती बिघडवू शकतो याला एक मर्यादा आहे हे कागदावरच दिसते.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्र्याची कड वर्तुळाला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून छर्र्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, १६ च्या आत असेल तर नऊ, २४ च्या आत असेल तर आठ, असा हिशेब होतो. चांगले पिस्तूल चांगल्या छर्र्यांसह शिकंजात घट्ट धरून चालवले तर पाच नेम मिळून एकच खडबडीत भोक पडते. याउलट नळीवरची, नेम धरण्याची पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत ०.२ मिलिमीटरने बाजूला गेली, तर दोन्ही साइटमधले अंतर साधारण ३२० मिलिमीटर असल्यामुळे ती चूक दहा मीटरवर सुमारे एकतीस पटीने वाढते आणि नेम ६ मिलिमीटरने ढळतो. थोडक्यात, नऊचा दहा होण्यात किंवा दहाचा नऊ होण्यात छर्र्याचा वाटा असू शकतो. सात पडला तर त्याचे कारण हातात, मुठीत किंवा ट्रिगरवरच्या बोटात शोधावे लागते.

म्हणून पहिले काम घरी न करता रेंजवर केले. वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून, मनगटाचा भार काढून घेऊन, एकाच कार्डावर पाच-पाच नेम मारले. टेकवून मारताना उजवीकडचा कल पूर्णपणे नाहीसा झाला, मात्र अधूनमधून एखादा छर्रा भोकापासून अलग पडत राहिला. यावरून दोन दोष वेगवेगळे आहेत हे स्पष्ट झाले: भरकटणारा एखादा नेम छर्र्यांमुळे, आणि उजवीकडचा कल पिस्तूल हातात धरण्यामुळे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिची चाचणी घ्यायची आणि मगच दुसरीला हात घालायचा, हा नियम आमच्या प्रशिक्षकांनी पूर्वीच घालून दिलेला होता. “ताई, दोन स्क्रू एकदम फिरवलेत तर फरक कशाने पडला हे पिस्तूल सांगत नाही,” असे ते म्हणतात. मी तो नियम यावेळी काटेकोरपणे पाळला.

छर्र्यांपासून सुरुवात केली. स्पर्धेचे छर्रे सपाट तोंडाचे असतात, त्यामुळे कागदावर पंचाने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक पडते. ते ५०० च्या डब्यात मिळतात, आणि डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा शंभरांश मिलिमीटरपर्यंत वेगवेगळा मिळतो. मागचा पोकळ घेर फार पातळ असतो आणि शिसे मऊ असल्यामुळे डबा प्रवासात आदळला की त्या घेराला खळगे पडतात. माझ्या डब्याच्या तळाशी शिशाची करडी पूड साठलेली होती, यावरून छर्रे आत एकमेकांवर घासत होते हे लगेच कळले. डब्यावरचे स्पंजचे अस्तर चुरगळून पातळ झाले होते, त्यामुळे छर्र्यांना हलायला जागा मिळत होती.

छर्रे निवडण्यासाठी स्वयंपाकघरातले टेबल वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिसे विषारी आहे, त्याची पूड बोटांना चिकटते आणि घरात लहान मुले असतील तर धोका अधिक. मी बैठकीतल्या खिडकीजवळ एका ट्रेमध्ये जुने वर्तमानपत्र अंथरते, काम चालू असताना काही खात-पीत नाही, नंतर कागद आतल्या बाजूला दुमडून बांधून टाकते आणि हात साबणाने व्यवस्थित धुते. हे सांगायला साधे आहे, तरी रेंजवर छर्रे मोजता मोजता वडापाव खाणारे लोक मी पाहिलेले आहेत.

निवडीची रीत अशी. काचेचा एक तुकडा किंचित उतरता ठेवून त्यावरून छर्रे एकेक करून घरंगळू द्यावेत. छर्र्याचे डोके आणि मागचा घेर यांचे व्यास थोडे वेगळे असल्यामुळे तो सरळ न जाता वळणाने जातो आणि सारखे छर्रे सारख्याच वळणाने जाऊन एका जागी जमतात. ज्याचा घेर चेपलेला आहे तो अडखळत जातो किंवा वळण सोडून दुसरीकडे जाऊन पडतो. या चाचणीला पैसा लागत नाही आणि नजरेला न दिसणारे खळगे तीत उघडे पडतात. बाजूला पडलेले छर्रे मी भिंगाखाली पाहिले तेव्हा बहुतेकांच्या घेराला बारीक खळगा होता आणि काहींच्या डोक्याच्या कडेवर ओरखडा होता.

असे छर्रे दुरुस्त करता येतात का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. घेराचा हलका खळगा गुळगुळीत, निमुळत्या लाकडी काडीने आतून हळूच फिरवून गोल करता येतो, आणि मी तसे केलेही आहे. पण त्या जागचे शिसे ताणले गेलेले असते, म्हणून दुरुस्त केलेले छर्रे मी वेगळ्या डबीत ठेवते आणि फक्त पकड व ट्रिगरच्या सरावासाठी वापरते. डोक्यावर ओरखडा असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. नळीच्या आतल्या वळणदार खाचांना, म्हणजे आट्यांना, डोके घट्ट बसते, तिथला दोष हाताने भरून येत नाही. आपल्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा पांढरट पूड धरतो. तो गंजाचाच प्रकार आहे, आणि तसे छर्रे धुऊन वापरण्याऐवजी सरळ बाजूला काढावेत.

छर्रे तोलून वजनाप्रमाणे निवडावेत असे काही सहकारी मानतात, माझे मत मात्र वेगळे आहे. सोनारांकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याकडे आहे, आणि मी एका डब्यातले छर्रे त्यावर तोलून पाहिले. पिस्तुलाचे छर्रे साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतात. एकाच लॉटमधल्या छर्र्यांत काही मिलिग्रॅमचा फरक आढळला, पण हलके आणि जड असे दोन गट करून टेकवून मारले तेव्हा भोकाच्या आकारात मला फरक करता आला नाही. पन्नास मीटरवर .२२ च्या काडतुसांनी मारणाऱ्यांसाठी वजनाची निवड अर्थपूर्ण असेल. दहा मीटरवर हाताने धरून मारणाऱ्याने तो वेळ काचेवरच्या चाचणीला द्यावा. डोक्याच्या व्यासाचे तसे नाही. ४.४९ आणि ४.५० हे दोन्ही मारून पाहिले तेव्हा माझ्या नळीला ४.४९ स्पष्टपणे अधिक मानवला. प्रत्येक नळीचे उत्तर निराळे असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये.

निवडलेले छर्रे नव्या स्पंजच्या अस्तरात ठेवल्यानंतर टेकवून मारलेल्या नेमांत अलग पडणारे छर्रे जवळजवळ थांबले. म्हणजे पहिला दोष सुटला. त्यानंतरच मी पिस्तुलाकडे वळले.

पिस्तुलाचे कोणतेही काम करताना छर्रा आत नाही हे डोळ्यांनी पाहणे, नळीत रंगीत सुरक्षा दोरी घालून ठेवणे आणि मूठ काढायची असेल तर सिलिंडर आधी उतरवणे, हा क्रम मी कधीही मोडत नाही. फक्त ट्रिगर तोलताना सिलिंडर जोडलेला असावा लागतो, कारण नियमानुसार हवेचा दाब चालू असतानाच वजन तपासले जाते. तेव्हा पिस्तुलात छर्रा नसतो आणि तोंड भरीव भिंतीकडे असते.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन लागते. स्पर्धेआधीच्या उपकरण तपासणीत नळी उभी धरून वजन ट्रिगरला अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन सुटून न पडता उचलले गेले पाहिजे. स्पर्धेनंतरही निवडक खेळाडूंची तपासणी होते, आणि तेव्हा वजन कमी भरले तर खेळाडू बाद होतो. म्हणून हे काम अंदाजाने करू नये. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी अर्ध्या किलोचे लोखंडी वजन आणले आणि काट्यावर ठेवून पाहिले. त्याला अडकवायची तारेची कडी वेगळी भरते, हे बरेच जण विसरतात. कडी धरून एकूण ५०० ग्रॅम व्हावेत म्हणून मी ते वजन सोडून एका डबीत बारीक रेती घेतली आणि कडीसकट अचूक ५०० ग्रॅम भरेल असे वजन तयार केले.

या वजनाने माझा ट्रिगर सुटला, म्हणजे तो ५०० च्या खाली उतरलेला होता. ट्रिगरला दोन टप्पे असतात: पहिल्यात बोट मोकळे मागे येते, दुसऱ्यात बोट अडते आणि तो अडथळा पार केला की नेम सुटतो. दोन्ही टप्प्यांचे वजन मिळून एकूण भरते, आणि प्रत्येकाचा स्क्रू स्वतंत्र असतो. पहिल्या टप्प्याचा स्क्रू सैल होऊन सरकला होता. माहितीपुस्तिकेतील आकृती पाहून मी फक्त तोच स्क्रू पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवला, पुन्हा वजन लावले, पुन्हा किंचित फिरवला, असे करत ट्रिगर ५०० च्या थोडा वर आणला. अगदी काठावर ठेवला तर थंड वातानुकूलित सभागृहात किंवा दुसऱ्या वजनावर तो कमी भरण्याची भीती राहते. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू पुन्हा सरकला तर ती रेघ तुटलेली दिसते आणि वजन न लावताही कळते. स्क्रू पक्का करण्यासाठी काही जण गोंद वापरतात, तो मी वापरत नाही, कारण पुढच्या वेळी स्क्रू निघताना त्याचे डोके झिजते. दुसऱ्या टप्प्याच्या आतल्या खटक्याला, म्हणजे जिथे धातूवर धातू अडतो त्या भागाला, घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये. ते काम कारागिराचे आहे.

सिलिंडरचे काम थोडे होते. रात्री दाबमापकावरचा काटा जिथे होता त्याच्या खाली सकाळी दिसायचा. साबणाचे पाणी कुंचल्याने जोडावर लावले तेव्हा बुडबुडे आले आणि गळती पिस्तुलाला जोडणाऱ्या रबरी ओ-रिंगमधून असल्याचे कळले. जुनी रिंग काढून नवी बसवली आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. इथे सामान्य तेल कदापि लावू नये, कारण २०० बार दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकते. सिलिंडरच्या तोंडाची झडप उघडण्याचा प्रयत्नही घरी करायचा नाही, आणि त्यावर कोरलेली मुदत, जी बहुधा दहा वर्षांची असते, संपली की तो वापरातून काढायचा. पावसाळ्यात हातपंपाने हवा भरली तर ठाण्याच्या हवेतली सगळी आर्द्रता सिलिंडरमध्ये जाते, म्हणून त्या महिन्यांत मी रेंजवरच्या मोठ्या, कोरड्या हवेच्या टाकीतूनच आणि सावकाश भरून घेते. घाईने भरले की हवा तापते, आणि थंड झाल्यावर दाब पुन्हा उतरलेला दिसतो. अशा सुट्या भागांचे महत्त्व टोकियो ऑलिंपिकने आपल्या सर्वांना दाखवून दिले. २०२१ मध्ये तिथे दहा मीटर एअर पिस्तुलाची पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ६०० पैकी ५७५ गुण मिळवूनही तिची अंतिम फेरी हुकली. त्याच प्रकारात २०२४ मध्ये पॅरिसला तिने कांस्यपदक मिळवले. माझ्या पेटीत टोकियोपासून ओ-रिंग, ॲलन की आणि सुटे स्क्रू कायम असतात.

आता राहिला उजवीकडचा कल, आणि त्यात सर्वांत जास्त वेळ गेला. पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, एकीकडे खाडी आणि दुसरीकडे येऊरचा डोंगर, अशा जागी जून ते सप्टेंबर घरातली दारेसुद्धा चौकटीत अडकतात, तिथे मुठीचे लाकूड जसेच्या तसे राहील हे शक्य नाही. तपासणी सोपी आहे. नेहमीप्रमाणे उभे राहायचे, डोळे मिटायचे, रिकामे पिस्तूल उचलून हात स्थिर करायचा आणि डोळे उघडायचे. साइट जुळलेल्या दिसल्या तर मूठ बरोबर आहे. मला प्रत्येक वेळी पुढची साइट खाचेच्या उजव्या बाजूला दिसत होती. ताज्या हाताने मी ती मनगटाने नकळत ओढून मध्ये आणत असे. हात थकला की ओढणे कमी पडे आणि नेम उजवीकडे जाऊ लागे. साठ नेम आणि पंच्याहत्तर मिनिटे चालणाऱ्या स्पर्धेत साइटचा स्क्रू फिरवून हा दोष झाकता येत नाही, कारण तो सुरुवातीला आणि शेवटी सारखा नसतो.

मुठीच्या उजव्या बाजूला, तळहाताचे मूळ जिथे टेकते, तिथे पूर्वी लावलेल्या लाकडी पुट्टीचा थर होता. ओलाव्याने लाकूड फुगून तो थर उचलला गेला होता आणि पिस्तुलाची मागची बाजू डावीकडे ढकलत होता, त्यामुळे नळीचे तोंड उजवीकडे वळत होते. मी उचललेला थर चाकूने खरवडून काढला. मूठ उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवू नये, लाकूड तडकते. ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवली आणि लाकूड बसल्यावर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी पातळ थरात लावली. पुट्टी ओली असताना हातावर पातळ प्लास्टिक घेऊन पिस्तूल नेहमीच्या पकडीत धरले, म्हणजे तळहाताचा ठसा तिच्यावर उमटला. वाळल्यावर ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडे थोडे घासायचे, प्रत्येक वेळी डोळे मिटून चाचणी घ्यायची, असे चालू ठेवले. आमच्या इमारतीतले सुतारकाम करणारे काका पाहत होते. “घासलेलं परत येत नाही, हात आवरता घ्या,” असे त्यांनी बजावले. एके ठिकाणी साइट मधोमध येऊ लागल्या तिथेच मी थांबले. तळहात टेकणारा भाग खरबरीत ठेवला, म्हणजे घामाने पकड सुटत नाही. बाहेरच्या उघड्या लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला.

पुट्टी लावताना मापाचे भान ठेवावे लागते. सगळे पिस्तूल मुठीसकट ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, आणि मूठ मनगटाला आधार देता कामा नये. सर्वांत आधी ५० मिलिमीटरची जाडीच ओलांडली जाते. मी प्लायवूडच्या पट्ट्यांची तेवढ्याच आतल्या मापाची चौकट करून घेतली आहे आणि प्रत्येक बदलानंतर पिस्तूल त्यातून काढून पाहते.

रेंजवर परत गेल्यावर आधी टेकवून, मग हातात धरून, आणि शेवटी पूर्ण साठ नेमांचा सराव घेतला. उजवीकडचा कल शेवटच्या दहा नेमांतही दिसला नाही. आठ-नऊ अजून पडतात, पण ते सगळ्या बाजूंना विखुरलेले असतात, एकाच दिशेला नसतात. जिल्हा स्पर्धेच्या उपकरण तपासणीत ट्रिगरने पहिल्याच प्रयत्नात वजन उचलले आणि पिस्तूल पेटीत सहज बसले. काम मात्र इथे संपलेले नाही. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होऊ लागली की अक्रोडाचे लाकूड पुन्हा आकसते आणि आता नीट बसलेली पुट्टी सैल वाटू लागते. म्हणून मुठीच्या आतल्या बाजूला, जिथे ती पिस्तुलाला लागते, तिथे मी या वेळची मापे कागदी टेपवर लिहून चिकटवली आहेत, आणि डोळे मिटून घ्यायची चाचणी आता प्रत्येक सरावाच्या आधी घेते.